सोडलेलं जातं कुठे?

वडगाव शेरीत राहणारे आणि खराडीत नोकरी करणारे एक गृहस्थ विचारतात: ‘मी ३६ वर्षांचा, कॅथलिक. दर वर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, मटण-चिकन आणि गोड सोडतो. ईस्टरच्या दुपारी बिर्याणी झाली की सगळं पुन्हा होतं तसं. गेल्या वर्षी तर तिसऱ्याच आठवड्यात ऑफिसच्या पार्टीत मोडलं आणि मग पुढचं सगळंच सोडून दिलं. मिसेस म्हणते, उपास तू करतोस आणि भोगतो आम्ही. माझा त्याग मनापासूनचा आहे का? आणि तो टिकावा म्हणून काय करू?’

तुमच्या मिसेसच्या वाक्यात निम्मं उत्तर आलेलं आहे. त्याकडे येतेच, पण आधी मी कोण ते सांगते. मी नन नाही, नर्स. ‘सिस्टर’ म्हटलं की आपल्या लोकांत घोटाळा होतो. ३१ वर्षं पुण्यातल्या वॉर्डांमधून काम केलं आणि गेली २० वर्षं आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चशी जोडलेल्या वस्तीत, लेंटमध्ये मोठ्यांचा एक गट चालवते. दर शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटचालीची प्रार्थना, झाली की बारा-पंधरा जण मागच्या बाकांवर बसतो आणि कोणाचं काय चाललंय, कोणाचं काय मोडलं ते बोलतो. नवरा सीएनआय या प्रोटेस्टंट चर्चचा, मूळचा नगर जिल्ह्यातला, त्यामुळे दोन्हीकडच्या रीती घरातच बघायला मिळाल्या. धर्मशास्त्र शिकलेली मंडळी तुमच्या घराजवळच रामवाडीच्या सेमिनरीत आहेत, त्यांना जरूर विचारा. मला जे कळतं ते एवढ्या माणसांना सोडताना, मोडताना आणि परत धरताना बघून कळलेलं आहे.

पहिल्यांदा नियमांचं, कारण त्यात फारसं काही नाही. यंदा, २०२६ मध्ये, राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. मधले दिवस मोजले तर ४६ भरतात. त्यातले सहा रविवार काढले की ४०. या काळात कॅथलिक चर्च सक्तीने मागतं काय? उपास फक्त दोन दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे: एक वेळ पोटभर, बाकी दोन वेळा थोडंसं. मांस वर्ज्य ते या दोन दिवशी आणि मधल्या शुक्रवारी. यंदा गुड फ्रायडे धरून सात शुक्रवार येतात, म्हणजे एकूण आठ दिवस. मांसाचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून, उपासाचा १८ पूर्ण झाल्यापासून ते साठावं लागेपर्यंत. आजारी माणसाला आणि गरोदर बाईला उपास नाही. माझ्या सासरी तर ताटातल्या मांसाचा हिशेब कोणी ठेवतच नाही. तिथे सगळा भर घरोघरच्या संध्याकाळच्या प्रार्थनांवर आणि गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर.

म्हणजे बघा, तुम्ही ४० दिवस मटण सोडता तेव्हा चर्चने मागितलं त्याच्या पाचपट करता. तरीही मनाला टोचणी आहेच. तेव्हा दिवस कमी पडत नाहीयेत, दुसरंच काहीतरी कमी पडतंय.

आमच्या गटात एक काका होते. लेंटमधल्या शुक्रवारी न चुकता सुरमई आणायचे. नियमात ते बसतं, मासे वर्ज्य नाहीत. पण पुण्यात सुरमईच्या भावाने चिकनला केव्हाच मागे टाकलंय! एकदा त्यांच्या सुनेनेच सगळ्यांसमोर म्हटलं, ‘बाबांच्या उपासाला आमच्या घरी महिन्याचं बजेट वाढवून लागतं.’ आपले शेजारी एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणून स्वतःवरच हसतात. आपल्याकडे त्याच तोडीचा शुक्रवार आहे, फक्त त्याला म्हण मिळाली नाही.

त्या काकांकडून मला एक प्रश्न मिळाला आणि गेली १५ वर्षं मी गटात तोच पहिला विचारते. तुम्ही काय सोडणार ते मी विचारत नाही. सोडलेलं जाणार कुठे, ते विचारते. मटण सोडलंत, तर त्या मटणाचे पैसे कुठे गेले? तुमच्याच खात्यात राहिले असतील तर लेंटमध्ये तुमची बचत झाली, चांगलंच आहे, पण त्याला त्याग म्हणायला जीभ जड होते.

हा माझा शोध नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाचा एक ख्रिस्ती माणूस होता. त्याच्या लिखाणात उपासाची रीत दिली आहे ती अशी: त्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्या, एरवी जे जेवला असता त्याची किंमत काढा आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्या. किंमत काढा! इतकं साधं, वाण्याच्या वहीसारखं. ज्याला मिळेल त्याने तृप्त होऊन तुमच्यासाठी प्रार्थना करावी, असंही पुढे आहे. म्हणजे उपाशी राहण्याचं टोक कुणाच्या तरी भरल्या पोटाशी जाऊन मिळायला हवं. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दान, प्रार्थना आणि उपास एकामागून एक सांगतो, ते काही उगाच नाही. आपण त्यातलं तिसरं उचलतो, कारण ते वजनकाट्यावर दिसतं.

आमच्या घरी त्यासाठी डालड्याचा जुना पिवळा डबा आहे. ज्या दिवशी जे खाल्लं नाही, त्याचे पैसे त्याच दिवशी रोख त्यात टाकायचे. त्याच दिवशी आणि रोख, या दोन गोष्टींवर मी हटून बसते. ‘महिन्याच्या शेवटी ट्रान्सफर करतो’ म्हणणाऱ्यांचे पैसे ईस्टरपर्यंत कधीच उरत नाहीत, मी वीस वर्षं बघते आहे. आणि डबा कोणासाठी आहे ते बुधवारीच ठरवायचं, म्हणजे मनात एक चेहरा असतो. कारितास इंडिया ही कॅथलिक चर्चची मदतसंस्था दर वर्षी याच काळात निधी गोळा करते, तिथेही देता येतं. आम्ही निम्मं तिथे देतो. उरलेल्यातून एका ओळखीच्या आजींच्या बीपीच्या गोळ्या येतात. ज्या वर्षी डब्याला चेहरा नव्हता, त्या वर्षी तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याने त्यातून गॅस सिलिंडरवाल्याला पैसे दिले होते.

आता मिसेसच्या वाक्याकडे. ‘उपास तू करतोस आणि भोगतो आम्ही.’ तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी ओळखते. तुमच्यासाठी वेगळी भाजी होते. पोरांना अंडं हवं असतं, तुम्हाला चालत नाही, म्हणून दोन तवे. गोड सोडल्यामुळे तुमची चिडचिड होते आणि ती संध्याकाळी सात ते नऊ या वेळात घरातच निघते. बरोबर?

बायबलमधली दावीद राजाची गोष्ट आठवा. त्याला वेदी बांधायची होती आणि अरवनाचं खळं हवं होतं. राजाच तो, अरवना म्हणाला, घ्या महाराज, खळं घ्या, बैल घ्या, लाकडंही घ्या, सगळं तुमचंच. दावीद म्हणाला, नाही. मला फुकट पडलेलं मी माझ्या देवाला अर्पण करणार नाही. चांदीचे ५० शेकेल मोजले आणि मग वेदी बांधली. पुष्कळांचा लेंट मला अरवनाच्या बैलांवर चालताना दिसतो. बैल बायकोचे, खळं आईचं, होमार्पण आपलं. मराठीत यालाच हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. येशूने तर कर्बान म्हणणाऱ्यांना सरळ झापलं होतं: आईबापांना द्यायचं ते ‘देवाला वाहिलं’ म्हणून मोकळे होता, हे कसलं अर्पण?

मोठ्या माणसांनाही हे सुटलेलं नाही. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. त्यांचं नाव आपण आदराने घेतो आणि घ्यायलाच हवं. पण पैसा हातात न टिकणाऱ्या त्या फकीर माणसाचं घर चालवायचं होतं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना. त्यागाच्या गोष्टी सांगताना आपण सोडणाऱ्याचं कौतुक करतो. रात्री चूल कशी पेटली हे विचारायचं राहून जातं.

तेव्हा तुमच्यासाठी पहिला नियम: उपास तुमचा, तर भाजी तुम्ही निवडायची. शुक्रवारचा स्वयंपाक तुम्ही करा. येत नसेल तर पिठलं-भात शिका, तेवढं कोणालाही येतं. सात शुक्रवार मिसेसनी ओट्याकडे बघायचंही नाही. खराडीहून वेळेत निघायला लागेल, त्यासाठी एखादी मीटिंग सोडावी लागेल, साहेबांना सांगावं लागेल. ते सांगताना जी अडचण वाटेल ना, ती तुमच्या खिशातले ५० शेकेल.

घराबाहेरही हेच लागू आहे. बायबलमधला यशयाचा ५८वा अध्याय राखेच्या बुधवाराआधी एकदा शांतपणे वाचा. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला तरी तू बघत का नाहीस? उत्तर मिळतं: उपासाच्या दिवशीही तुम्ही तुमच्या कामकऱ्यांना राबवून घेता. हे तिसऱ्याच ओवीत आहे. पुढे भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देण्याचं येतं, पण सुरुवात मजुरांपासून आहे. आमच्या गटातल्या एका बाईंनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरकामाच्या मावशींना आठवड्याची एक पगारी सुट्टी सुरू केली. रविवारची भांडी घरातल्यांनी घासायची. ते होतं लेंटपुरतं. ईस्टरनंतर ‘आता मावशी रविवारी या’ असं सांगायला त्यांचं तोंडच उघडेना! त्याला आता सात वर्षं झाली. टिकलेल्या त्यागाची मला माहीत असलेली ही सगळ्यात पक्की गोष्ट आहे, आणि ती टिकली कारण परत घ्यायची तर कोणाच्या तरी हातातून काढून घ्यावी लागली असती.

दुसरे एक जण रिक्षा चालवतात, क्वार्टर गेटच्या बाजूला उभे असतात. बिडी सोडायची म्हणून दोनदा बसले आणि दोनदा मोडलं. तिसऱ्या वर्षी म्हणाले, बिडीचं बघू, यंदा जवळचं भाडं नाकारणार नाही. पुणेकरांना मी काय सांगायचं हे किती अवघड आहे ते! नाना पेठेतली म्हातारी माणसं ससूनला किंवा केईएमला जायला निघतात, अंतर एवढंसं, रिक्षावाले मान हलवतात. यांनी ४० दिवस मान हलवली नाही. रोजचा धंदा थोडा कमी झाला, ते त्यांनी लपवलं नाही. ईस्टरनंतर विचारलं तर म्हणाले, ‘आता तोंडं ओळखीची झालीत, नाही कसं म्हणणार?’ बिडी अजून चालू आहे. मी काही बोलत नाही.

आता माझी फजिती सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी लेंटमध्ये चहा सोडला. पुण्यात चहा आणि प्रायश्चित्त यांचं नातं तसं जुनं आहे. १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, रानडे वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली आणि त्यावरून त्यांनी प्रायश्चित्त घ्यावं की नाही हा वाद गावभर गाजला. त्यांना चहा घेतल्याबद्दल प्रायश्चित्त, मी प्रायश्चित्त म्हणून चहा सोडलेला. पहिले चार दिवस डोकं ठणकत होतं. पाचव्या दिवशी नाइट ड्यूटीला एका शिकाऊ पोरीवर अशी ओरडले की ती ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन रडली. चूक तिची नव्हती, ट्रे मीच चुकीच्या जागी ठेवला होता. पहाटे आमच्या आयामावशींनी माझ्यासमोर कप ठेवला आणि म्हणाल्या, ‘सिस्टर, तुमचा उपास देवाला कळला असंल. आता आम्हाला सोडा.’ मी चहा प्यायले आणि त्या पोरीची माफी मागितली. चहा सोडणं सोपं होतं. ती माफी मागायला लागली तेव्हा मात्र सगळं अंग चोरलं. त्यानंतर मी लेंटमध्ये कधीच चहा सोडला नाही.

नर्स म्हणून दोन गोष्टी मात्र कडक सांगते. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण गाळायचं नाही. साखर खाली येते, घाम सुटतो, थरथर होते, माणूस बेशुद्धही पडतो. राखेच्या बुधवारी संध्याकाळी अशा बायका मी स्ट्रेचरवर घेतल्या आहेत. चर्चने ज्यांना सूट दिली आहे त्यांनी ती घ्यावी आणि वर अपराधी वाटून घेऊ नये. दुसरी गोष्ट दारूची. आपल्या समाजात लेंटपुरती बाटली बंद करणारे पुष्कळ, आणि ईस्टरच्या संध्याकाळी ४६ दिवसांची वसुली करणारेही तेवढेच. कधीमधी घेणाऱ्याने बंद केली तर काही बिघडत नाही. पण जो रोज भरपूर पितो, त्याने एका दिवसात तोडली तर पुढच्या दोन-तीन दिवसांत हात कापतात, भास होतात, आकडी येते, जिवावरही बेततं. त्याला डॉक्टर लागतो. येरवड्याकडे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, तिकडे न्या. तिथली माणसं ‘जन्मभर पिणार नाही’ असं म्हणत नाहीत. ‘आजचा दिवस पिणार नाही’ एवढंच म्हणतात. लेंटचे ४० दिवस भिंतीवर टांगून रोज फुल्या मारणाऱ्यांपेक्षा हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण फुल्या मारणाऱ्याची नजर ईस्टरवर असते.

टिकण्याबद्दल आणखी एक. येशूने सांगितलेली ती घराची गोष्ट तुम्हाला आठवत असेल: भूत निघून जातं, फिरून परत येतं तर घर झाडून-लोटून स्वच्छ, पण रिकामं. मग ते आपल्याहून वाईट सात जणांना घेऊन आत शिरतं. माझ्या मते ईस्टरच्या सोमवारचं याहून नेमकं वर्णन नाही. रात्री नऊ ते दहा मोबाइल सोडलात, ठीक. मग त्या तासात काय? तुम्ही तिथे काही बसवलं नाहीत तर पहिले चार दिवस भिंतीकडे बघाल, पाचव्या दिवशी ‘फक्त मेसेज बघतो’ म्हणाल. आमच्या गटातला एक तरुण त्या तासातली पंधरा मिनिटं गावी असलेल्या आईला फोन करायचा. म्हटलं, मोबाइल सोडलास ना? तर म्हणाला, आईचा नाही सोडला. मला पटलं. ईस्टर झाला तरी ती माउली नऊ वाजता फोनजवळ बसायची, मग तो कसला बंद करतोय.

तिसऱ्या आठवड्यात मोडलं म्हणून तुम्ही पुढचं सगळंच सोडून दिलंत, ते मात्र चुकलंच. क्रुसाच्या वाटेची १४ स्थानं आहेत. तिसऱ्या स्थानी प्रभू पडतो, सातव्या स्थानी परत पडतो, नवव्या स्थानी परत. दर शुक्रवारी आपण गुडघे टेकतो, ‘दुसऱ्यांदा पडतो’, ‘तिसऱ्यांदा पडतो’ असं म्हणतो आणि घरी येऊन स्वतःच्या पहिल्या पडण्यालाच शेवटचं स्थान करून टाकतो! मोडलं तर दंड म्हणून दुप्पट काही करू नका, तो अहंकारच असतो. कधी, कुठे, कोणाबरोबर मोडलं ते एका ओळीत लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत धरा. आणि पाचवं स्थान विसरू नका: कुरेनेकर शिमोन. तिथे तर प्रभूनेही क्रूस उचलायला त्याला खांदेकरी घेतला. एका माणसाला सांगून ठेवा, जो आठवड्यातून एकदा विचारेल. एकालाच. स्टेटसवर टाकू नका.

स्टेटसवरून आठवलं. राखेच्या बुधवारी आपण कपाळावर राख लावून घेतो आणि त्याच मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, शुभवर्तमान काय वाचतात? उपास कराल तेव्हा डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. दर वर्षी मला याचं हसू येतं. ऑफिसला जाण्याआधी राख पुसायची की नाही, हा प्रश्न गटात दर वर्षी निघतो. मी म्हणते राहू द्या, कोणी विचारलं तर गेल्या वर्षी ईस्टरच्या आधल्या रविवारी घेतलेल्या झावळ्यांची राख आहे एवढं सांगा, पण फोटो काढू नका. तोंड धुणं काय असतं ते मला वॉर्डात कळलं. रुग्णाजवळ रात्री राहणारे नातेवाईक, खेड्यातून आलेले, खाटेखाली पथारी टाकून झोपणारे. डबा एकाचाच आलेला असायचा. आजारी माणूस विचारायचा, ‘तू जेवलास का?’ आणि समोरचा तोंडावरून हात फिरवून म्हणायचा, ‘आत्ताच खाली जेवून आलो.’ खाली गेलेलाच नसायचा. मी स्वतः दोन-तीन वेळा बघितलं, मग ड्यूटीला येताना दोन पोळ्या जास्त आणायला लागले.

ऑफिसच्या पार्टीबद्दल विचारलंत. शुक्रवार नसेल आणि कोणी प्रेमाने वाढलं असेल तर खा. ‘माझा लेंट आहे’ म्हणून चार लोकांची ताटं अवघडून टाकण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी एक जेवण कमी करा, पैसे डब्यात. मार्चच्या सुरुवातीला होळी आहे. शेजारच्या काकू पुरणपोळी आणून देतील, ती तूप घालून खा. १९ मार्चला पाडवा, श्रीखंड येईल, तेही खा. शेजाऱ्याचं मन मोडून ठेवलेल्या उपासाला मी तरी किंमत देत नाही. यंदा राखेच्या बुधवाराच्या आठवड्यातच रमजानही सुरू होतोय. तुमच्या ऑफिसात रोजा ठेवणारं कोणी असेल तर त्यांना मी किती सोडलं हे सांगायला जाऊ नका. ते दिवसभर पाणीही घेत नाहीत. त्यापेक्षा दुपारी त्यांच्या वाट्याचं एखादं काम उरका.

रविवारचं: ते ४० मध्ये मोजलेलेच नाहीत, तेव्हा ताटातलं काही सोडलं असेल तर रविवारी घरच्यांबरोबर खा. शिव्या, गुटखा किंवा ऑनलाइन पत्ते सोडले असतील तर त्याला रविवारची सुट्टी नसते, हे वेगळं सांगायला नको.

१५ मार्चला चौथा रविवार आहे, पुष्कळ ठिकाणी फादर त्या दिवशी गुलाबी झगा घालतात. त्या रविवारी दुपारी बसून एकच ठरवा: यातलं ईस्टरनंतर काय परत येणार आणि काय नाही. हे ईस्टरच्या दिवशी ठरवू म्हटलं तर ठरत नाही, बिर्याणीचा वास आलेला असतो. आणि बिर्याणी परत आली म्हणून तुमचा त्याग खोटा ठरत नाही, ही टोचणी आजच काढून टाका. मटण वाईट आहे म्हणून आपण ते सोडत नाही. चांगलं आहे म्हणूनच सोडतो, म्हणून तर ते ईस्टरला परत ताटात आणायचं. ईस्टरचा सण पेन्टेकॉस्टपर्यंत, ५० दिवस चालतो, म्हणजे लेंटपेक्षा मोठा. खुशाल खा. मात्र शुक्रवारचं पिठलं आणि डालड्याचा डबा, या दोनांपैकी एक तरी पुढे चालू राहतंय का ते बघा. बायबलमधल्या जक्कय जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन टाकली आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत केलं. ते पैसे परत त्याच्याकडे येण्याची वाटच त्याने ठेवली नाही.

मग यंदा नक्की काय सोडायचं? ते मी सांगणार नाही, तुमच्या घरात सांगणारी व्यक्ती आहे. मंगळवारी, १७ तारखेला रात्री जेवणं झाली की मिसेसना विचारा, ‘या ४० दिवसांत मी काय सोडलं तर तुला बरं वाटेल?’ आणि उत्तर मिळाल्यावर लगेच बोलू नका. मी नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याला हे विचारलं होतं. मला वाटलं तो टीव्हीवरच्या मालिका म्हणेल. तो म्हणाला, ‘माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू उत्तर देतेस, ते सोड.’ मी म्हटलं, ‘मी कधी...’ आणि तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, सकाळी साडेसातलाच मोडलं. अजून चालू आहे.